‘एक्झॉर्सिस्ट ३’ : शेवट फसलेला, पण तो कॉरिडॉर! सर्वपित्रीच्या रात्री कुठली प्रत लावावी?

वर्तकनगरी
सर्वपित्री अमावास्येच्या रात्री ठाण्यात घरीच दहा-बारा जणांसाठी सिनेमा लावायचा आहे. निवड पक्की आहे : विल्यम पीटर ब्लॅटीचा १९९० चा ‘एक्झॉर्सिस्ट ३’. सिनेमा सदोष आहे हे मान्य. शेवटच्या भागात आग, विजा, फाटणारी जमीन असा सगळा बाजार मांडलाय आणि तोवर जमवून आणलेलं भय त्यात सांडून जातं. तरीही भयपटांच्या पुढच्या भागांत इतका अंगावर काटा आणणारा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता विचारायचं ते असं. चित्रपटगृहात लागलेली प्रत दाखवावी की २०१६ ला आलेली दिग्दर्शकाची? निम्म्या लोकांनी आधीचे भाग पाहिलेले नाहीत, त्यांना काय सांगून बसवावं? आणि हॉल १० बाय १५ फुटांचा आहे, प्रोजेक्टर आणि साउंडबार आहे. रुग्णालयातल्या कॉरिडॉरचा प्रसंग पुरेपूर लागू व्हावा म्हणून मांडणी कशी करावी?

मासुंदा
डोळे मिटून चित्रपटगृहातली प्रत. २०१६ च्या प्रतीत जे प्रसंग परत जोडले आहेत त्यांची मूळ निगेटिव्ह हरवलेली आहे. ते व्हीएचएस टेपवरून घेतलेत. त्यामुळे चांगलं, नितळ चित्र चालू असताना मध्येच सगळं धूसर होतं, रंग उडतात, आवाज पातळ होतो. अभ्यासाला ती प्रत सोन्यासारखी आहे. पण पहिल्यांदा बघणारा प्रत्येक धूसर शॉटला कथेबाहेर फेकला जातो.

पारसिक_बोगदा
मासुंदा, असहमत. चित्र धूसर होतं हे खरं, पण सिनेमा त्या प्रतीत सलग आहे.

(ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी माझा प्रतिसाद इथेच सोडावा, पुढे रहस्यभेद आहे.)

ब्लॅटीने स्वतःच्याच ‘लीजन’ या १९८३ च्या कादंबरीवरून हा सिनेमा केला आणि त्याला नावही तेच ठेवायचं होतं. स्टुडिओला नावात ‘एक्झॉर्सिस्ट’ हवं होतं. मग नावात एक्झॉर्सिझम, म्हणजे भूत उतरवण्याचा विधी, आहे आणि सिनेमात नाही, हे कसं चालेल? म्हणून चित्रीकरण संपल्यावर तो प्रसंग नव्याने लिहून घेतला, फादर मॉर्निंग नावाचं पात्र आणलं, निकोल विल्यमसनला घेतलं. कोठडीतल्या रुग्णाची भूमिका आधी एकट्या ब्रॅड ड्यूरिफने केली होती. तिथे पहिल्या सिनेमातला फादर कॅरस, म्हणजे जेसन मिलर, परत आणला आणि ड्यूरिफला आपले प्रसंग पुन्हा करावे लागले.

परिणाम डोळ्यांना दिसतो. फादर मॉर्निंगचा तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याशी, किंडरमनशी, शेवटपर्यंत काही संबंध येत नाही. मध्येच त्याची खोली, मध्येच वारा, क्रूस, आणि परत आपली मूळ गोष्ट. दुसऱ्याच सिनेमाचं रीळ चुकून जोडल्यासारखं. दिग्दर्शकाच्या प्रतीत हे सगळं गळतं. किंडरमन कोठडीत जातो, गोळी घालतो, संपलं.

उपवन_संध्याकाळ
आधीच्या भागांबद्दल. १९७७ चा दुसरा भाग पूर्ण वगळा. तिसरा भाग त्याची दखलसुद्धा घेत नाही. पहिल्यातलं एवढंच सांगा : जॉर्जटाउनमध्ये एका मुलीच्या अंगात सैतान शिरतो. फादर कॅरस त्याला स्वतःच्या अंगात घेतो आणि खिडकीतून उडी मारून दगडी जिन्यावर कोसळून मरतो. तपास करणारा पोलीस अधिकारी किंडरमन, कॅरसचा मित्र फादर डायर. तिसरा भाग त्यानंतर पंधरा वर्षांनी सुरू होतो. बस.

एक मात्र आवर्जून सांगा. पहिल्या भागात किंडरमन ली जे. कॉब होता. तो १९७६ ला वारला, म्हणून इथे जॉर्ज सी. स्कॉट. डायरही बदललाय, इथे एड फ्लँडर्स. नाहीतर ज्यांनी पहिला पाहिलाय ते पहिली दहा मिनिटं ‘हा कोण’ करत राहतील.

कोपरीकर
अमावास्या, साउंडबार फुल्ल आणि तो प्रसंग? खालच्या मजल्यावरचे काका पांढरी चादर पांघरूनच वर येतील बघा.

खाडीकाठ
कोपरीकर :)) पण आवाजाचाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

हा सिनेमा बराचसा कुजबुजीवर आणि शांततेवर चालतो. साउंडबारचा ‘नाइट मोड’ आणि टीव्हीचा ‘ऑटो व्हॉल्यूम’ दोन्ही बंद करा. हे पर्याय हळू आवाज वर उचलतात आणि मोठा आवाज दाबतात. म्हणजे कॉरिडॉरची शांतता गोंगाटाची होते आणि जो दणका बसायला हवा तो दाराची बेल वाजल्याइतका उरतो. प्लेअरमध्येही ‘डायनॅमिक रेंज’ नावाची वेगळी सेटिंग असते, ती ‘फुल’वर हवी. एक बंद केली आणि दुसरी राहिली, ही नेहमीची चूक.

आवाजाची पातळी किंडरमन आणि डायर गप्पा मारतात त्या प्रसंगावर ठरवा. मधल्या खुर्चीत बसून त्यांचं बोलणं समोरासमोरच्या बोलण्याइतकं ऐकू यायला हवं. मोबाइलवरच्या मापकात ते साधारण ६० ते ६५ डेसिबल येईल. मग रिमोट लपवून ठेवा. कॉरिडॉरमध्ये काही ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी हमखास आवाज वाढवतं, आणि तिथेच साउंडबार फाटतो.

पंखा एक नंबरवर. एसी आधी तासभर चालवून हॉल गार करा आणि त्या प्रसंगाआधी कमीत कमी वेगावर आणा. खिडकीवर पत्र्याची शेड असेल आणि परतीचा पाऊस आला तर मात्र इलाज नाही, त्यासाठी दुसरी तारीख हाताशी ठेवा.

कळव्याची_मैना
एक राहिलं : सबटायटल. कर्णबधिरांसाठीची सबटायटल लावू नका. त्यांत आवाजही लिहून येतात आणि पुष्कळदा आवाजाच्या क्षणभर आधी येतात. दणका बसायच्या आत खाली ‘भेसूर संगीत’ असं उमटलं तर उरलं काय? साधी सबटायटल घ्या. त्या प्रसंगात संवाद नावालाच आहेत, तेवढ्यापुरती बंद केली तरी चालतील. पांढऱ्या अक्षरांनी डोळा खाली ओढला जातो आणि इथे डोळा चौकटीभर भटकायला हवा.

सीवूड्स_४२
मैनाताईंनी नस पकडली. डोळा भटकायला हवा! तो प्रसंग कसा बांधलाय ते लिहितो. रहस्यभेद आहे.

कॅमेरा कॉरिडॉरच्या एका टोकाला रोवलेला. लांबवर परिचारिकेचं टेबल, तिथे ती एकटी. पहाऱ्यावरचे पोलीस येतात, जातात. कॅमेरा हलत नाही. तिला कसलासा आवाज येतो, ती एका खोलीत जाते. इथे कॅमेरा जवळ येतो. पाण्याचा ग्लास, त्यात बर्फ, आणि तो बर्फ वितळता वितळता तडकतो. एवढाच तो आवाज. आपण हुश्श करतो आणि त्याच क्षणी खोलीतला माणूस दचकून उठून तिच्यावर ओरडतो. हा खोटा धक्का.

आता खरी गंमत. भीतीचा एक हप्ता फेडून झाला, असं प्रेक्षकाला वाटतं. कॅमेरा परत लांब, परत तेच टेबल, तीच शांतता. ती समोरच्या दुसऱ्या खोलीत डोकावते, बाहेर येते, दार लावून घेते. दार लागलं म्हणजे संपलं, हे आपल्याला इतक्या सिनेमांनी शिकवलंय की खांदे सैल पडतात. ती पाठ फिरवून चालू लागते. मागच्या दारातून पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली आकृती, हात पुढे, हातात हाडं कापायची भलीमोठी कात्री. कॅमेरा पहिल्यांदाच झेपावतो, संगीत कोसळतं, आणि कात्री मानेला लागायच्या आत दृश्य तुटतं. पुढचा शॉट मस्तक नसलेल्या पुतळ्याचा.

रक्ताचा थेंब नाही. गेरी फिशरच्या छायाचित्रणाची कमाल अशी की कॉरिडॉर अंधारलेलाही नाही, चांगला लख्ख आहे. लपायला जागा नाही आणि तरीही तो येतो.

मासुंदा
सीवूड्स, वा! ‘भीतीचा हप्ता’ हे भारी. आणि झूम उशिरा आहे म्हणून लागतो. सुरुवातीपासून कॅमेरा हलत असता तर त्या झेपेची किंमत शून्य झाली असती.

घणसोली_गाडी
एवढं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू. कोठडीतली संभाषणं लांबतात. ड्यूरिफ अफाट आहे, पुटपुटत्या स्वरातून एकदम गर्जनेवर जातो ते ऐकताना पोटात गोळा येतो. पण कथेची अख्खी उकल तो तोंडी सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी जेमिनी नावाच्या खुन्याला विजेच्या खुर्चीत मारलं, त्याच सुमारास कॅरस मेला, सैतानाने सूड म्हणून खुन्याचा आत्मा कॅरसच्या देहात घातला. आणि मेंदू दुरुस्त व्हायला इतकी वर्षं लागली म्हणून तो आत्ता बोलतोय! हे सगळं एका खुर्चीत बसून. शिवाय मिलर आणि ड्यूरिफ यांचे चेहरे मधूनमधून बदलतात, नवख्याला ते दोन वेगळे कैदी वाटतात. दहा-बारा जणांत दोन-चार तरी विचारणारच, हा कोण आणि तो कोण.

पारसिक_बोगदा
घणसोली, चेहऱ्यांचा घोळ हा पुनर्चित्रणाचाच परिणाम. दिग्दर्शकाच्या प्रतीत तो नाही. माझ्या मताला बळच मिळालं :)

उपवन_संध्याकाळ
पण पारसिक, मिलर नसला की कॅरसची शोकांतिका पातळ होते. ज्या माणसाने मुलीसाठी जीव दिला त्याचाच देह खुन्याने वापरायचा, हे त्याचा चेहरा दिसल्याशिवाय काळजाला भिडत नाही. आणि जोडलेल्या शेवटातही एक जागा लखलखीत आहे. भिंतीला जखडलेला किंडरमन आपला कशाकशावर विश्वास आहे ते ओरडून सांगतो : मृत्यू, रोगराई, अन्याय. देवावर विश्वास नसलेला माणूस सैतानावर विश्वास ठेवायला भाग पडतो, तो क्षण स्कॉटने तोलून धरलाय. नंतर कॅरस क्षणभर शुद्धीवर येऊन मुक्ती मागतो. विजा आणि जमीन फाटणं वजा केलं तर हा शेवट टाकाऊ नाही.

कळव्याची_मैना
उपवनला दुजोरा. आणि हा सिनेमा प्रेमळ आहे, त्याबद्दल कुणीच का बोलत नाहीये? किंडरमन घरी जायला तयार नसतो, कारण सासूने आंघोळीच्या टबात जिवंत मासा सोडलाय, ताजा राहावा म्हणून. तीन दिवस त्याला आंघोळ नाही. चेहऱ्यावरची रेष न हलवता तो हे डायरला सांगतो. आपल्याकडे बादलीत खेकडे खडबडत असताना बाथरूममध्ये जाणाऱ्याला हे लगेच कळेल.

दोन म्हाताऱ्या मित्रांची थट्टा इतकी खरी वाटते म्हणून पुढे डायरच्या खाटेपाशी उभा असलेला किंडरमन बघवत नाही. तिथेही खून दाखवत नाहीत. रक्त भरलेली भांडी ओळीने मांडलेली, बाहेर एक थेंब नाही, आणि भिंतीवर दोघांच्या लाडक्या सिनेमाचं, ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चं, नाव.

तुर्भे_स्टोअर
त्या भिंतीवरच्या नावात, ‘वंडरफुल’च्या स्पेलिंगमध्ये, एक ‘एल’ जास्त आहे, ते लोकांना दाखवून द्या. जेमिनीची लिहिण्याची सवय तीच, आणि तोच पुरावा. हा खुनी ब्लॅटीने सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘झोडिअॅक’ खुन्यावर बेतला. तो खुनीही वर्तमानपत्रांना पत्रं पाठवायचा आणि त्यांतही शुद्धलेखनाच्या चुका असायच्या. त्याच्या जानेवारी १९७४ च्या पत्रात तर पहिल्या ‘एक्झॉर्सिस्ट’चा उल्लेख आहे : आपण पाहिलेला सर्वोत्तम उपहासात्मक विनोदी सिनेमा म्हणून! त्यातही स्पेलिंग चुकलेलं. ज्या खुन्याने सिनेमाबद्दल लिहिलं, त्याच्यावरच पुढच्या भागातलं पात्र उभं राहिलं.

कोपरीकर
हे माहीत नव्हतं. आता रात्री दिवा लावून झोपणार.

बेलापूर_किल्ला
अवांतर, पण उपयोगी पडेल. ‘लीजन’ शब्दाचा अर्थ आधी सांगितलात तर कोठडीतले संवाद दुप्पट चढतात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात भूतबाधा झालेला माणूस येतो. नाव विचारल्यावर त्याच्यातली भुतं ‘लीजन’ सांगतात, कारण ती पुष्कळ आहेत. मराठी बायबलात तिथे ‘सैन्य’ शब्द आहे. पुढे ती सुमारे दोन हजार डुकरांत शिरतात आणि कळप समुद्रात बुडतो.

आपल्या प्रेक्षकाला लॅटिन मंत्रांची आणि क्रूसाची भीती आतून येत नाही. अंगात येणं, झाड धरणं, बाहेरचं लागणं ही आपली भाषा. ‘एकाच्या अंगात अख्खं सैन्य’ म्हटलं की लगेच पोचतं. रुग्णालयातल्या सामान्य म्हाताऱ्या माणसांच्या अंगात शिरून खुनी आपलं काम उरकतो, ही कल्पना तर आपल्याला अजिबात परकी नाही. छतावरून सरपटत जाणारी आजी आठवा. किंडरमनच्या डोक्यावरून जाते आणि त्याला पत्ताच नाही.

नेरुळ_लघुपट
अवांतरातलं अवांतर. कॉरिडॉरसारखा शॉट लघुपटासाठी घ्यायचा आहे. इमारतीचा मजला मिळालाय, कॉरिडॉर २० मीटर लांब, ट्यूबलाइट आहेत. २४-१०५ ची झूम लेन्स आहे. काय बिघडू शकतं?

सीवूड्स_४२
तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली, ट्यूबची लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा. २४ फ्रेमवरच हवं असेल तरी शटर १/५०, म्हणजे शटरचा कोन १७२.८ अंश. नेहमीच्या १८० अंशांना ते १/४८ होतं आणि भिंतींवर पट्टे सरकतात. एलईडी ट्यूब असतील तर आधी मिनिटभराची चाचणी घ्याच, स्वस्त ड्रायव्हरचा काही नेम नाही.

दुसरी, झूमबरोबर हलणारा फोकस. फोटोच्या लेन्समध्ये झूम केल्यावर फोकस जागेवर राहीलच असं नसतं. आकृती जिथे यायची तिथे जमिनीवर टेप लावा, १०५ वर जाऊन त्या टेपवर उभ्या माणसावर फोकस करा, ऑटोफोकस बंद करून मग ३५ वर या. अॅपर्चर एफ ८ ठेवा म्हणजे थोडी चूक पोटात जाते. झूम हातानेच, साधारण अर्ध्या-पाऊण सेकंदात. तिपाई जड हवी, खाली वाळूची पिशवी लटकवा, नाहीतर झटक्याने चौकट हलते. मोबाइलवर घेत असाल तर झूम करूच नका, टप्पे दिसतात. ४के मध्ये स्थिर घ्या आणि संकलनात चौकट आत न्या. १०८० मध्ये काढलंत तर दुप्पट झूमपर्यंत चित्र फुटत नाही.

तिसरी, चादर. नवी पॉलिएस्टरची चादर ट्यूबखाली चकाकते आणि आकृतीचा पांढरा ठिपका होतो. धुऊन मऊ पडलेली सुती चादर घ्या. कात्री ५ मिलिमीटरच्या सनबोर्डची कापून चंदेरी रंग द्या, १८ इंच पुरे. खरी कात्री घेऊन कुणीही कुणाच्या मागे धावायचं नाही.

नेरुळ_लघुपट
मनापासून आभार, हे सगळं छापून भिंतीला लावतोय.

घणसोली_गाडी
आणि त्या मजल्यावरच्या लोकांना आधी कळवा. रात्री अकराला चादरवाला दिसला तर सोसायटीच्या ग्रुपवर तिसरा भाग सुरू होईल.

खाडीकाठ
मूळ प्रश्नाकडे. वर्तकनगरी, चित्राचं आता सांगतो. १० फुटांच्या भिंतीवर १०० इंची पडदा बसतो : रुंदी २२१ सेंटीमीटर, उंची १२५. जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर खालची कड ठेवा म्हणजे पुढच्यांची डोकी आड येत नाहीत. सिनेमा १.८५ प्रमाणात आहे, म्हणून वरखाली जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर काळी पट्टी राहील, ती ‘झूम’ करून घालवू नका. मुख्य रांग १० फुटांवर. परिचारिका चौकटीत एवढीशी दिसते, १५ फुटांवरून तिचं मान वळवणं हरवतं.

प्रोजेक्टर पडद्याच्या मध्याशी सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोनने चौकोन सरळ केला तर बारकावा जातो. थ्रो रेशो (अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.२ असेल तर अंतर साधारण २ मीटर ६५. ‘मोशन स्मूदिंग’ बंद, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. कॉरिडॉर उजेडाचा आहे, त्याला अंधार कमी पडला तरी चालेल. कोठडीचे प्रसंग मात्र काळ्यावरच उभे आहेत आणि हॉलच्या पांढऱ्या भिंती पडद्याचा उजेड परत फेकतात. पडद्याजवळच्या दोन्ही भिंतींवर मीटर-मीटरभर काळं अस्तर टांगा. सेटटॉप बॉक्स, राउटर, स्टॅबिलायझरच्या दिव्यांवर काळी टेप.

वर्तकनगरी
सगळ्यांचे आभार. ठरलं : चित्रपटगृहातली प्रत, न कापता. मासुंदांचा धूसरपणाचा मुद्दा आणि उपवनचा कॅरसच्या चेहऱ्याचा, हे दोन्ही पटले. पारसिक, दिग्दर्शकाचा शेवट सिनेमा संपल्यावर थांबलेल्यांना वेगळा दाखवतो, म्हणजे कुणाचा नेम कुठे होता ते समोरासमोर कळेल. मध्यंतर कुठे घेऊ?

मासुंदा
डायरच्या खोलीतल्या भिंतीवर. तिथे दिवे लागले तर लोक एकमेकांशी हळू बोलतात. कोठडीची संभाषणं सुरू झाल्यावर अजिबात थांबू नका. आणि निमंत्रणाबरोबर ती प्रसिद्ध क्लिप ग्रुपवर टाकू नका, कुणी टाकली तर लगेच काढायला लावा. मोबाइलवर एकदा पाहिली की संपलं.

कळव्याची_मैना
मध्यंतरात कोकम सरबत द्या, पण ग्लासात बर्फ घालू नका. तो तडकण्याचा आवाज पडद्यावरूनच यायला हवा.